फट

चिवड्याचा डबा दोन दिवसांत सादळला, तर घरातले जाणते माणूस पोह्यांना दोष देत नाही. ते आधी झाकण पाहते. हेडफोनच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. कानाला लावून पाहिले, आवाज किरकिरा आणि पातळ वाटला, की लगेच निकाल: “बेस नाही हो याला! माल हलका आहे.” मग त्याहून महाग जोडी येते आणि तीही पंधरा दिवसांत खणात जाऊन पडते. यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी अशी खरेदी झाली असेल, किंवा व्हायची असेल, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी या डब्याचेही झाकण एकदा तपासावे, एवढ्यासाठी हा लेख.

परळी वैजनाथहून तेलगावकडे निघाले म्हणजे वाटेत सिरसाळा लागते. बीड जिल्ह्यातल्या या मुलखात गावोगाव सप्ताह बसतात. लहानपणापासून पखवाजाजवळ मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान अशा गावात आपोआप तयार होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावली की त्याचा आवाज जड होऊन खाली उतरतो आणि त्यावर थाप पडली की ती कानाला आणि छातीला एकदमच कळते. असा कान घेऊन एखादा मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो आणि दिवाळीला येताना वडिलांसाठी चांगला, कानावर बसणारा हेडफोन आणतो. वडील मोठ्या हौसेने भजन लावतात आणि दोन मिनिटांत काढून ठेवतात. म्हणतात, “टाळ झकास वाजतात रे, पण पखवाज कुठे आहे?” मुलगा स्वतः लावून पाहतो, तर पखवाज जागच्या जागी!

यात जादू काही नाही. वडिलांच्या डोळ्यांवर चष्मा आहे आणि डोक्यावरची टोपी कानापर्यंत ओढलेली आहे. चष्म्याच्या काडीने हेडफोनची गादी एका बाजूने उचलून धरली आहे आणि टोपीच्या काठाने दुसऱ्या बाजूने. काडीच्या जाडीएवढी ती फट, पण अख्खा पखवाज तिच्यातून निसटून गेला!

आता प्रश्न असा की फटीतून पखवाजच का गेला, टाळ का गेले नाहीत? याचे उत्तर सायकलच्या पंपात आहे. पंपाच्या तोंडावर बोट जरा सैलसे धरा आणि दांडा अगदी सावकाश दाबा. हवा बोटाच्या कडेने निवांत निघून जाते, हाताला जोर लागत नाही. आता तोच दांडा झटक्याने दाबा. हवेला निसटायला सवड मिळत नाही आणि आतला दाब एकदम चढतो. फट तीच, बोट तेच. फरक पडला तो वेळेचा.

हेडफोनमधला पातळ पडदा असाच पुढेमागे हलून कानातली हवा दाबतो आणि सैल सोडतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गवयाचा षड्ज सेकंदाला सुमारे 139 कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे 69 कंपनांनी बोलते. टाळांच्या किणकिणाटात पाच पाच हजार कंपनांचे सूर असतात. म्हणजे खर्जाच्या एका हेलकाव्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात टाळाचे सत्तरहून अधिक हेलकावे होऊन जातात. खर्ज हा सावकाश दाबलेला दांडा आहे. हवेला फट गाठायला भरपूर सवड मिळते, ती पळते आणि दाब चढतच नाही. टाळ हा झटका आहे. त्याची हवा फटीपर्यंत पोचून बाहेर पडण्याआधीच पडदा उलट फिरलेला असतो. म्हणून हवा गळू लागली की पहिला बळी खर्जाचा जातो.

दिवाणखान्यातल्या मोठ्या स्पीकरला खर्जासाठी खोलीभर हवा हलवावी लागते, म्हणून त्याचा पडदा ताटाएवढा. कानात बसणाऱ्या इअरफोनचा पडदा नखाएवढा, तरी तो तंबोरा ऐकवतो, कारण त्याला दाबायची असते ती कानाच्या नळीत अडकलेली अर्ध्या चमच्याहूनही कमी हवा. ही हवा बंदिस्त राहिली तरच त्याची ताकद पुरते. एकदा ती बाहेरच्या हवेला मिळाली की नखाएवढ्या पडद्याने खोलीभर हवा हलवावी असा तो प्रकार होतो!

हे डॉक्टरमंडळींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1816 साली लाएनेक या फ्रेंच वैद्याने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. हृदयाचा ठोकाही खालच्या सुरातलाच. स्टेथोस्कोपची बोंडे कानात सैल बसली तर तो क्षीण होतो. म्हणून ती बोंडे किंचित पुढे, नाकाच्या दिशेला वळवलेली असतात. आपल्या कानाची नळी सरळ आत जात नाही, ती थोडी पुढे झुकते. इअरफोन घालणाराने ही खूण ध्यानात ठेवावी.

कुणी विचारील, एवढा खर्ज जातो तर तो चटकन लक्षात का येत नाही? कारण आपला मेंदू मोठा समजूतदार आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण 300 ते 3400 कंपनांमधलाच आवाज जाई. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर त्याच्या बराच खाली असतो. तरीही पलीकडून काका बोलत आहेत की काकू, हे आपण बिनचूक ओळखत असू. वरचे सूर ऐकून मेंदू खालचा सूर मनानेच भरून काढतो. फट असली तरी गाण्याची चाल कळते, स्वर कळतो, हरवतो तो फक्त त्याचा भरदारपणा. माणसाला वाटते, काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते सांगता येत नाही, आणि हात आवाज वाढवण्याकडे जातो.

खरा धोका इथे आहे. आवाज वाढवल्याने फट बुजत नाही. फुटक्या रांजणात दोन घागरी जास्त ओतल्या म्हणून तो भरत नाही, तसेच हे. खर्ज थोडासा वाढतो, पण जे मधले आणि वरचे सूर आधीच पुरेपूर पोचत होते, ते आता दुपटीचौपटीने कानावर आदळतात. शिवाय फट दोन्हीकडून चोरी करते. आतला खर्ज बाहेर सोडते आणि बाहेरची घरघर आत घेते. परळीहून पुण्याला निघालेल्या रात्रीच्या बसमध्ये इंजिनाचा आवाजही खर्जातलाच. तो गाण्याचा उरलासुरला खर्ज झाकून टाकतो. मग आवाज आणखी वर!

जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी: मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावा. तोच 90 डेसिबल झाला की फक्त चार तास! लहान मुलांसाठी 40 तासांची मर्यादा 75 डेसिबलवरच येते. दर तीन डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते, हे त्यामागचे गणित. आपल्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे 15 हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. घरातला मुलगा “हं? काय म्हणालात?” असे वारंवार विचारू लागला, तर तो दुर्लक्ष करतो असे समजून रागावण्यापूर्वी त्याच्या कानाकडे पाहा.

उपाय सोपा आहे, आणि बहुधा खोक्यातच पडून असतो. कानात घालायच्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी रबरी बोंडे येतात. बहुतेक घरी मधले जोड लागलेलेच राहते आणि बाकीची पुडी केराच्या टोपलीत जाते. ती जपून ठेवा. उजवा आणि डावा कान एकाच मापाचे असतात असेही नाही. एका कानाला मोठे आणि दुसऱ्याला मध्यम लागले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, बोंड हलके फिरवत पुढच्या दिशेने बसवा आणि पाळी सोडा. फोमचे बोंड असेल तर ते चिमटीत दाबून आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. जोर मात्र करू नका. दुखले की माप चुकले, असे समजावे. अभ्यंगस्नानाच्या दिवशी कानात तेल गेलेले असते, त्यावर रबर घसरते. कान आणि बोंड दोन्ही कोरडी पुसून घ्या. चष्मेवाल्यांनी मोठा हेडफोन घेताना मऊ, जाड गादीचा आणि बारीक काडीच्या चष्म्याला सांभाळून घेणारा पाहावा. टोपी काढून ऐकले तर अधिक उत्तम.

बसले की नाही हे पाहायला यंत्र नको. ओठ मिटून “म्ऽऽऽ” असा सूर धरा. ज्या कानात आपलाच आवाज घुमतो, तो कान नीट बंद झाला. ज्यात घुमत नाही, तिथे फट आहे. दोन्हीकडे सारखा घुमला की गाणे लावा.

एक पथ्य मात्र पाळा. घट्ट बसलेला इअरफोन रस्त्यावरून चालताना घालू नका. जी फट खर्ज पळवते, तीच मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्नही आत आणते. रस्त्यावर कान उघडे असावेत, घरी बंद असले तरी चालतील.

आणि फट बुजली याची खरी खूण कोणती, विचाराल? आवाजाचा काटा आपण होऊन खाली आणावासा वाटतो, ही.