फुकटचा सल्ला आणि औषधाची बाटली

तालुक्याच्या गावी ‘कृषी चिकित्सालय’ अशी पाटी लावून बसलेल्या पदवीधराकडे हंगामात माणसांची रीघ लागते, आणि तरीही संध्याकाळी गल्ल्यात गाळ्याच्या भाड्यापुरतेही पैसे नसतात. कोणी खिशातून पिवळे पडलेले पान काढतो, कोणी बोंड फोडून अळी दाखवतो, कोणी चहाच्या टपरीवर गाठून पातेगळीचा इलाज विचारतो. नुसत्या सांगण्याचे पैसे पडतात, ही कल्पनाच आपल्या समाजाला मानवलेली नाही.

केंद्र शासनाने २००२ साली कृषी चिकित्सालये व कृषी-व्यवसाय केंद्रे यांची योजना सुरू केली. बेकार पदवीधराला थोडे प्रशिक्षण व बँकेचे कर्ज द्यावयाचे, आणि त्याने शेतकऱ्याला सल्ला द्यावयाचा. तो मोफत की मोबदला घेऊन, हे त्याने आपल्या व्यवसायाची सोय व गिऱ्हाइकाची ऐपत पाहून ठरवावे, अशी योजनेची भूमिका आहे. वरकरणी ही उदारता दिसते. वस्तुतः कृषी विस्ताराची जी जबाबदारी शासनाची, तिचा मोठा भाग त्यामुळे कर्ज काढून बसलेल्या एका तरुणाच्या अंगावर पडतो.

मग व्हावयाचे तेच होते. हप्ता थकू लागला की कपाटात कीटकनाशके येतात. सल्ला फुकट राहतो, नफा बाटलीवर निघतो. उधारीवर बाटली नेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला वाटते, सांगण्याचे काही पडले नाही. “आठ दिवस थांबा, फवारणीची गरज नाही” हा शेतीतला सर्वांत मोलाचा सल्ला. पण ज्याचे पोट बाटलीवर आहे, त्याच्या तोंडून तो निघणार कसा? यात माणसाच्या लबाडीपेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना इस्पितळात दाखल करावे लागले. वेगवेगळी औषधे एकत्र मिसळून फवारल्याचे तेव्हा पुढे आले. असली मिश्रणे पुष्कळदा दुकानाच्या फळीवरच सुचवली जातात. पंप पाठीवर होता तो बहुधा मजुराच्या; त्याला कोणी सल्ला विचारला नव्हता, की दिला नव्हता.

नाशिककडचा द्राक्षबागायतदार सल्लागाराला एकरी फी मोजतो आणि त्याच्याकडून बागेची फेरी करवून घेतो. साखर कारखान्याच्या सभासदाला कारखान्याचा शेतकी विभाग असतो; कारखान्याला ऊस हवा असतो, म्हणून. कपाशी-तुरीवाल्याला यांपैकी काहीच नाही. २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे, त्याला पैसे पडत नाहीत, हे खरे. पण फोनवरून शेत दिसत नाही.

सर्व सल्ला मोफत झाला पाहिजे, ही मागणी सभेत टाळ्या घेते. पण फुकट सल्ल्याची किंमत कोण देतो, हे विचारल्यावाचून ती करणे म्हणजे दुकानदाराचेच काम सोपे करणे होय. कोणती औषधे मिसळू नयेत, फवारताना तोंड-हात कसे झाकावेत, विषबाधेची लक्षणे कोणती, हे कोणालाही, मजुराला तर आधी, विनामोबदला सांगितले गेलेच पाहिजे. आणलेले पान पाहून दोन शब्द सांगण्याचीही फी नसावी. परंतु शेतावर जाणे, माती-परीक्षणाचा अहवाल वाचून खताचा हिशेब मांडून देणे, हंगामभर पिकावर लक्ष ठेवणे हे श्रम आहेत, आणि श्रमाचा मोबदला नाकारणे कष्टकऱ्यांच्या कार्यकर्त्यांना तरी शोभत नाही. ही फी पाटीवर उघड लिहावी, जमिनीच्या प्रमाणात घ्यावी, आणि ती घेणाऱ्याने औषध विकू नये.

अल्पभूधारकाला ती एकट्याने पेलणार नाही. चार-पाच गावांच्या विविध कार्यकारी सोसायट्यांनी मिळून एक पदवीधर पगारावर नेमावा आणि त्या पगारातील निम्मा वाटा शासनाकडे मागावा. सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तेथे ठराव झाला, तर पुढील खरिपाची पेरणी होण्यापूर्वी माणूस नेमला जाऊ शकतो. सोसायटीचे स्वतःचे खत-औषधांचे दुकान असेल, तर त्याच्या विक्रीशी या माणसाचा पगार जोडला जाणार नाही, एवढे वाक्य ठरावात आठवणीने घालावे लागेल.