यंत्रमानव सोबतीला आला. वेग मात्र कोणाचा?

‘रोबो’ हा शब्द आता आपल्या घरातील लहान मुलांच्याही तोंडी असतो. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात तो प्रथम योजला, आणि तो त्यांना सुचवला त्यांचे बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावी लागणारी मजुरी. आपल्याकडे तिला वेठ म्हणत. शंभर वर्षांनंतर यंत्र माणसाच्या शेजारी येऊन काम करू लागले आहे. अशा वेळी वेठीला नेमके कोण धरले जाते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आरंभी ही सोबत नव्हतीच. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा यांत्रिक हात बसवण्यात आला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम. असले भाजून काढणारे काम गेले म्हणून कोणा कामगाराने अश्रू ढाळले असतील असे वाटत नाही. परंतु या हाताला माणूस जाणवत नसे. जानेवारी १९७९ मध्ये मिशिगन राज्यातील फोर्डच्या ओतशाळेत एक तरुण कामगार मांडणीवरून भाग काढावयास चढला असता यंत्राचा हात त्याच्यावर आदळला आणि तो जागीच गतप्राण झाला. असे यंत्र जाळीच्या कुंपणाआड आणि माणूस कुंपणाबाहेर, हीच सुरक्षेची रीत राहिली.

ते कुंपण हटवले ‘कोबॉट’ने. कोबॉट म्हणजे सहकारी यंत्रमानव. ही कल्पना १९९६ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या कोलगेट आणि पेश्किन या प्राध्यापकांनी मांडली. पुढे डेन्मार्कमधील ओडेन्स येथे २००५ साली स्थापन झालेल्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीने २००८ मध्ये आपला पहिला कोबॉट विकला. या यंत्राचे सांधे स्वतःवर पडणारा जोर सतत मोजत असतात. माणसाचा धक्का लागला की ते थांबते. तो धक्का किती असावा, याचे मार्गदर्शन आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी मानवी शरीरावरील २९ ठिकाणी दाब वाढवत नेल्यास वेदना कोठे सुरू होते, हे स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले गेले. अर्थात, कोबॉटच्या हाती धारदार पाते दिले तर तो कसला सहकारी! अशा ठिकाणी पुन्हा कुंपणच लागते.

या सोबतीचा लाभ खरा आहे. अमेरिकेतील स्पार्टनबर्ग येथे बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात गाडीच्या दारांचे अस्तर दाबून चिकटवताना कामगारांची मनगटे दुखावत. २०१३ पासून ते काम कोबॉट करू लागला. आपल्या चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यातही मोटारसायकलींच्या जुळणीसाठी हेच डॅनिश कोबॉट आले. मात्र अतिशयोक्ती नको. २०२३ साली जगभर बसवलेल्या सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक यंत्रमानवांत कोबॉट दहात एक एवढेच होते.

शिवाय शरीराला धक्का न लागणे म्हणजेच सहकार्य नव्हे. अमेझॉन कंपनीने २०१२ मध्ये किवा ही यंत्रमानव बनवणारी कंपनी विकत घेतली. तेव्हापासून तिच्या अनेक गोदामांत कामगार मालाकडे चालत जात नाही. मालाचे कपाटच त्याच्यापुढे येऊन उभे राहते. पायपीट वाचली, हे खरे. परंतु चालताना मिळणारा विसावाही गेला, आणि एक कपाट हलले की दुसरे हजर. ‘रिव्हील’ या शोधपत्रकारिता संस्थेने २०२० साली कंपनीच्या अंतर्गत नोंदींवरून दाखवून दिले की, अशा यंत्रसज्ज गोदामांत गंभीर दुखापतींचे प्रमाण इतर गोदामांच्या दीडपटीहून अधिक होते. कंपनीने हा निष्कर्ष अमान्य केला. तथापि यंत्र दमत नाही आणि माणूस दमतो, हे नाकारण्याजोगे नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात हाच विषय हाताळला होता. तंत्रज्ञान माणसाचे मित्र आहे. पण ते त्याच्या कामातील समाधान आणि कर्तृत्व हिरावून घेऊ लागले की शत्रूसारखे वागते, असे त्यांचे प्रतिपादन. पोलंडमध्ये तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबलेल्या माणसाचे ते लेखन होते. मे २०२५ मध्ये निवड झालेल्या पोप लिओ चौदावे यांनीही आपले नाव निवडताना १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’चे कर्ते लिओ तेरावे यांचे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमापुढे उभ्या राहिलेल्या आव्हानांचा उल्लेख केला.

वेदनेची मर्यादा २९ ठिकाणी मोजली गेली. तासाला किती नग काढावयाचे, हा आकडा मात्र व्यवस्थापनाच्या कचेरीत ठरतो आणि पुष्कळदा कामगाराला तो सांगितलाही जात नाही. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या गोदामांच्या मालकांना हे उद्दिष्ट कामगाराला लेखी कळवावे लागते, आणि जेवण, विश्रांती वा शौचास जाणे अशक्य होईल असे उद्दिष्ट लादता येत नाही. चाकणपासून वसईपर्यंतच्या आपल्या कामगार संघटनांनी पुढील वेतनकराराच्या बोलणीत हे कलम मेजावर ठेवावयास हरकत नसावी.