पडद्याला हजारो, फ्यूजला काही नाही

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मोटारीच्या तारांवर लिहितो म्हणून कन्नड विभागातल्या माझ्या मित्राने यथेच्छ थट्टा करून घेतली आहे. पण मी लिहितो आहे ते हिशेबाबद्दलच.

सिल्वासाला माझे मामा असतात. वापी स्टेशनची वर्दी मारणारी त्यांची सात आसनी गाडी आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तीत पडद्याचा छोटा संगणक बसवून घेतला. नकाशा, गाणी, मागचा कॅमेरा, सारे त्यात. अकरा हजार मोजले आणि बसवणाऱ्याशी मजुरीवर मात्र अर्धा तास घासाघीस केली.

अशा यंत्राला साधारणपणे दोन जिवंत तारा असतात. पिवळी बॅटरीला कायम जोडलेली, ती स्मृती जागी ठेवते. तांबडी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होते आणि यंत्राला उठवते. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीवर नेल्या. त्यामुळे किल्ली काढली तरी यंत्र झोपेना. त्यातून तीन दिवस मुसळधार पाऊस, गाडी दारात उभी. यंत्राने अर्धा अँपिअर जरी ओढला, तरी ७२ तासांत ३६ अँपिअर-तास होतात. बॅटरी होती ४५ची! चौथ्या पहाटे किल्ली फिरवली तर नुसते 'टक'. बाहेर सामान घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाची गाडी चुकली. ते नेहमीचे गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. पुस्तपालनात आपण ख्याती नावाची मालमत्ता शिकतो; ती अशी जाते.

दुसऱ्या वायरमनने बॉनेट उघडून कपाळाला हात लावला. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. फ्यूज यंत्रासाठी असतो असे मीही समजत होतो. खरे म्हणजे तो तारेसाठी असतो. यंत्र पाच अँपिअर घेत असेल, पण तार घासून पत्र्याला टेकली तर तीच बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि बारीक तार लाल होते. म्हणून फ्यूज बॅटरीलगत हवा, यंत्राजवळ नव्हे. बॅटरी बदलावी लागली नाही हे नशीब. तारा वेगळ्या करून फ्यूज घालण्याचे त्याने अडीचशे रुपये घेतले.

आता दोष कोणाचा? पहिल्या कारागिराचा, हे उघड आहे. पण जो गिऱ्हाईक पडद्याची किंमत मुकाट देतो आणि तारेची मजुरी कापतो, त्याला तारही कापलेलीच मिळते. मामांना हे मी बोललो, त्यांना ते आवडले नाही.

१ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक सेवेच्या प्रवासी वाहनांत, तीनचाकी वगळता, ठावठिकाणा सांगणारे यंत्र सक्तीचे झाले. म्हणजे असली कामे वाढतच जाणार. माझे म्हणणे एवढेच की बिलात यंत्राखाली आणखी दोन ओळी हव्यात: वीज कुठून घेतली, आणि फ्यूज किती अँपिअरचा. ओळ लिहावी लागली की काम करावे लागते, आणि मजुरीही मागता येते.

परवा मामांचा फोन आला. शेजारच्या टेम्पोवाल्याने तस्साच पडदा बसवला म्हणे. मी विचारले, "मामा, बिल पाहिलंत का?"

"कसलं बिल?" मामा म्हणाले.