टायटेनियमचे जॉबवर्क घेताय? आधी टिपचा खर्च मोजा

बेंगळुरू, हैदराबाद आणि बेळगाव येथे विमानांचे सुटे भाग तयार होतात. त्यांतले काही काम छोट्या वर्कशॉपना जॉबवर्क म्हणून मिळते. आपण मुद्रा कर्जातून सीएनसी मशीन घेतले असेल किंवा घेणार असाल, तर टायटेनियमच्या कामाचा दर आकर्षक वाटेल. मात्र पोलादाच्या हिशेबाने दर दिलात, तर हप्ता भरणे अवघड होऊ शकते.

टिप लवकर का झिजते?

विमानांसाठी प्रामुख्याने ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटेनियमचा मिश्रधातू वापरतात. तो साध्या पोलादाच्या सुमारे एक सप्तमांशच उष्णता वाहून नेतो. त्यामुळे कापताना निर्माण होणारी उष्णता चिपबरोबर फारशी निघून जात नाही, टिपच्या धारेपाशीच साठते. तापलेले टायटेनियम धारेला चिकटते आणि सुटताना कोटिंगचे कण उपटून नेते. एकदा कोटिंग गेले की आतले कार्बाइड वेगाने झिजते.

कोटिंगचा उपयोग नाही का?

आहे, पण मर्यादित. टायटेनियम-ॲल्युमिनियम-नायट्राइडचे कोटिंग जेमतेम काही मायक्रॉन जाडीचे असते. ते धार तीक्ष्ण ठेवते आणि उष्णता काही काळ थोपवते. वेग जास्त ठेवल्यास हा फायदा संपतो. कार्बाइड टिपसाठी साधारण ४० ते ६० मीटर प्रतिमिनिट वेग धरतात. त्यात पाव भाग वाढ केली, तरी टिपचे आयुष्य निम्म्याहून कमी होऊ शकते.

भाव का चढले?

कार्बाइडचा मुख्य घटक टंगस्टन. जगातील सुमारे ८० टक्के टंगस्टन चीनमधून येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या काही उत्पादनांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले आणि त्यानंतर भाव चढले. भारताने २०२३ मध्येच टंगस्टनचा समावेश महत्त्वाच्या ३० खनिजांच्या यादीत केला आहे. तरीही आज टिप विकत घेताना वाढीव भाव आपल्यालाच द्यावा लागतो.

आपण काय करावे?

• प्रत्येक नगामागे टिपचा खर्च काढा. उदाहरणार्थ, ८०० रुपयांच्या टिपला ४ धारा असतील, तर एका धारेचे २०० रुपये. त्या धारेवर पोलादाचे ४० नग निघाले, तर नगामागे ५ रुपये. टायटेनियमचे ५ नग निघाले, तर ४० रुपये.
• दर ठरवण्यापूर्वी नमुन्याचे काही नग स्वतः कापून पाहा.
• धारेची झीज ०.३ मिलिमीटर झाली की धार बदला. पुढे वापरल्यास नग खराब होतो आणि तो नुकसान टिपपेक्षा महाग पडते.
• कूलंट भरपूर ठेवा. टायटेनियमचा बारीक भुगा पेट घेतो. तो साठू देऊ नका आणि पेटल्यास पाणी मारू नका.
• कर्जाच्या अर्जात मशीनबरोबर टिपचा खर्चही खेळते भांडवल म्हणून दाखवा. मुद्रा कर्ज त्यासाठीही मिळते. तरुण गटातील कर्ज पूर्ण फेडलेल्यांना आता २० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते.
• उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र तोवर लागणाऱ्या टिप आपल्यालाच विकत घ्याव्या लागतील.

मशीन एकदाच घ्यावे लागते; टिप मात्र रोज लागते. हा रोजचा खर्च दरात धरूनच काम स्वीकारा.