खैरात आणि दानत

निवडणुका जवळ आल्या की ‘आश्वासनांची खैरात’ हा मथळा वृत्तपत्रांत हमखास झळकतो. पात्रापात्र न पाहता केलेले फुकटवाटप, असा या शब्दाचा आजचा मराठी अर्थ. परंतु मालेगावात मोसम नदीचा पूल ओलांडून यंत्रमागांच्या वस्तीत गेले की तोच शब्द उर्दू भाषकांच्या तोंडी दानधर्म म्हणून आदराने येतो. मूळ अरबी ‘खैर’ म्हणजे भले; खैरात म्हणजे सत्कृत्ये.

भाषाशुद्धीचे अभिमानी म्हणतील, शब्दच हद्दपार करा. हा आग्रह अनाठायी नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तीच दृष्टी पुढे नेली. मात्र ‘देण्याची दानत’ म्हणताना ज्या शब्दात सर्वांना ‘दान’ दिसते, ती दानतही अरबी ‘दियानत’चीच लेक आहे. तिचा अर्थ सचोटी. शब्द घालवता येईल. पण आजच्या खैरातीत जी सचोटी हरवली आहे, तिचे काय?

गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काळ व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले दान सात्त्विक मानले आहे. मोबदल्यासाठी दिलेले राजस. मताच्या मोबदल्यात दिलेले कोणत्या वर्गात बसते, हे सांगायला शास्त्री नको. त्यातही हा पैसा देणाऱ्याचा नसतो, करदात्यांचा असतो. पेशव्यांचा श्रावणातील रमणाही राज्याच्या खजिन्यातूनच होत असे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच दक्षिणेच्या रकमेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली आणि पुढे मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळाली, हेही विसरता येत नाही.

आज मात्र आपल्या पक्षाने दिली ती ‘योजना’ आणि दुसऱ्याने दिली ती ‘खैरात’, असा सोयीचा शब्दकोश सर्वच पक्षांनी सिद्ध केला आहे. त्यात विनाकारण अपमान होतो तो घेणाऱ्याचा. मालेगावात मागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला, मग तो नदीच्या कोणत्याही तीरावरचा असो, शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याला खैरात म्हणणे हा भाषेचाही गुन्हा होय.

संघाच्या गुरुदक्षिणेत स्वयंसेवक भगव्या ध्वजापुढे बंद पाकीट ठेवतो. कोणी किती दिले याचा पुकारा होत नाही. निवडणुकीच्या हंगामात वाटल्या जाणाऱ्या पिशवीवर मात्र देणाऱ्याचे छायाचित्र आतल्या जिन्नसापेक्षा मोठे असते.