डाउनलोड तर येतंय ना?

"पण सर, डाउनलोड तर येतंय ना?"

हे वाक्य ज्याने कुणी कस्टमर केअरच्या पोरांना पाठ करायला दिलं, त्याला एकदा समोर बसवून मनातलं सगळं ऐकवायचं आहे. तो काही सापडत नाही, तोवर तुम्ही ऐका.

मंडळी, इंटरनेट म्हणजे नळाचं पाणी, आम्ही वरून सोडणार आणि तुम्ही खाली बादली लावून बसायचं, अशी या कंपन्यांची पक्की समजूत आहे. आपल्या घरातूनही काही बाहेर जातं, हे त्यांच्या गावीच नाही. होर्डिंगवर 100 एमबीपीएस हा आकडा माणसाएवढा उंच. तो वर जाण्याचा वेग की खाली येण्याचा, हे विचारायचं नाही!

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी ऑनलाइन घेतात. घरच्या डेस्कटॉपवर, रीतसर वायर लावून. वायफायची भानगडच नाही. महिनाभर मुलांना त्यांचं चित्र थिजलेलं दिसत होतं, आवाज तुटत होता. काकूंना मात्र मुलं छान दिसत होती. म्हणजे येणारं सगळं नीट, जाणारं सगळं बोंबललेलं. तीन मुलांनी क्लास सोडला. कंपनीने (नाव लिहीत नाही, सगळे एकाच माळेचे मणी) आधी रीस्टार्ट करायला लावलं, मग अँटीव्हायरस काढायला लावला, मग विंडोज नव्याने टाकायला लावलं आणि शेवटी निदान केलं: मॅडम, कॉम्प्युटर जुना झालाय, नवीन घ्या. काकू दुकानात चौकशीही करून आल्या होत्या. "अरे, चाळीस हजार सांगतोय. घेऊ का?"

इथे माझं डोकं फिरलं.

टेस्ट लावली. डाउनलोड 60 च्या वर, अपलोड जेमतेम दीड. प्लॅनच्या कागदावर (तो शोधून काढावा लागला) वर-खाली दोन्हीकडे 100 लिहिलेले. तीच वायर माझ्या लॅपटॉपला लावली. तोच दीड. कॉम्प्युटर निर्दोष सुटला, पाच मिनिटांत. भिंतीपासूनची केबल बदलली, तरी दीडच. म्हणजे दुखणं भिंतीच्या पलीकडे. मग लॅपटॉपवर लिंक कशी जुळली आहे ते पाहिलं: वेग 100, डुप्लेक्स हाफ. सापडला!

जरा सविस्तर सांगतो, कारण हा रोग जुना आहे आणि फार फसवा. वायरच्या दोन टोकांची यंत्रं जोडताक्षणी आपसात ठरवतात, किती वेगाने बोलायचं आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं (फुल) की आळीपाळीने (हाफ). कुणी एका टोकाला हाताने '100, फुल' असं ठोकून बसवलं, की ते टोक या वाटाघाटीत भागच घेत नाही. दुसऱ्या टोकाला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही. मग नियमाप्रमाणे ते हाफ धरतं. आता एक जण फोनवर बोलतोय आणि दुसऱ्याच्या हातात वॉकीटॉकी! काकूंचा कॉम्प्युटर बोलायला लागला आणि तेवढ्यात पलीकडून काही आलं, की त्याला वाटणार टक्कर झाली, की तो वाक्य अर्धवट तोडणार. चित्र थिजतं ते असं. पिंग केलं तर सगळं आलबेल, कारण लहानसहान पॅकेट आरामात निसटतात.

महिनाभरापूर्वी बिल्डिंगमधला स्विच बदलला होता. रोग तेव्हाचाच. तरी जो मुलगा आला त्याने कनेक्टर कापून नवा लावला, टेस्ट चालवली, "बघा सर, साठ!" म्हणाला आणि गेला. तो जिना उतरतोय तोच काकूंना मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. त्या पोराचा राग नाही येत राव, त्याला शिकवलंच तेवढं आहे. दुसऱ्या तक्रारीत मी हटून बसलो, ज्याला स्विच दिसतो त्याच्याशीच बोलणार म्हणून. त्या गृहस्थाने पोर्ट ऑटोवर टाकला. दोन मिनिटं. अपलोड 93. खर्च शून्य रुपये.

आता कंपन्यांना एवढा निर्ढावलेपणा येतो कुठून? आपल्या सरकारने 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या केली: किमान 256 केबीपीएस डाउनलोड. 2013 मध्ये ते 512 केलं. जानेवारी 2023 मध्ये 2 एमबीपीएस केलं. तिन्ही वेळा शब्द तोच, डाउनलोड. अपलोडचा किमान आकडा व्याख्येत नाहीच. अमेरिकेच्या एफसीसीने 2015 मध्ये 25 खाली आणि 3 वर असं लिहिलं, 2024 मध्ये 100 आणि 20 केलं. तिथे सगळा आनंदीआनंद आहे असं नाही, पण भांडायला आकडा तरी आहे.

कुणी म्हणेल, लोक डाउनलोडच जास्त करतात, तंत्रज्ञानच तसं आहे. एडीएसएलच्या काळात हे खरं होतं. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेत 138 किलोहर्ट्झपर्यंतचा चिंचोळा पट्टा वर जायला आणि तिथून 1104 पर्यंतचा ऐसपैस पट्टा खाली यायला, अशी वाटणीच होती. पण फायबरचं काय? घरोघरी पोचलेल्या जीपॉनमध्ये खाली सुमारे 2.5 गिगाबिट आणि वर 1.25, म्हणजे दोनास एक. तिथे 100 ला 10 अपलोड देणारा प्लॅन हा भौतिकशास्त्राचा नाही, दुकानदारीचा निर्णय आहे. आणि डाउनलोड झालेल्या पॅकेटांची पोचपावतीसुद्धा अपलोडच्या वाटेनेच जाते, त्यामुळे ती वाट तुंबली की लाडकं डाउनलोडही रडायला लागतं. असो.

काकूंच्या दुसऱ्या तक्रारीतला मजकूर देतो, हवा तर उचला: 'अपलोड दीड एमबीपीएस, वायरवर, दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर आणि दोन वेगळ्या केबलवर मोजलेला. प्लॅनमध्ये 100 कबूल. स्विचच्या पोर्टचं डुप्लेक्स सेटिंग तपासावं.' एवढं वाचल्यावर "रीस्टार्ट केलंत का?" विचारायला जागा उरत नाही. तरीही विचारतात, ते वेगळं.