पिंजरा की हक्काची खोली?

कुत्र्यासाठी पिंजरा म्हटलं की आपल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा, आणि आपण त्याला कोंडायचं? साखळीला मात्र कुणाचीच हरकत नसते!

सौंसर तालुक्यातल्या मोहगावचं बघा. आम्हां गोवेकरांपासून फार दूर, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात, पण मराठी बोलणारा सातपुड्याचा मुलूख. पेंचचं जंगल याच टापूत. अशा मुलखात रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट. नगरकडच्या अकोल्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. साखळीमुळे बिचाऱ्याला पळताही येत नाही. घरात, दाराआड पिंजऱ्यात निजणारा कुत्रा वाचतो.

शिवाय पिल्लू आपली झोपायची जागा सहसा घाण करत नाही, त्यामुळे बाहेर जाण्याची शिस्त लवकर लागते. दिवाळीच्या फटाक्यांत दडायला आडोसा मिळतो. दवाखान्यात किंवा रेल्वेत गार्डाच्या डब्यातून नेताना ते बिथरत नाही.

मात्र सवय हळूहळू लावावी. आधी दार उघडं ठेवून आत खाऊ द्यावा. उभं राहता, वळता, पाय पसरता येतील एवढी जागा हवी. उन्हाळ्यात पिंजरा पत्र्याखाली नको आणि शिक्षा म्हणून तर कधीच नको.

आणि मंडळी, कचेरीला जाताना आठ तास कोंडून ठेवणार असाल, तर कुत्रा पाळूच नका!